हे तुमचं घर आहे का?

१

घरचा रस्ता पाठ असूनही कुलूपवाला रोज संध्याकाळी टॅबला घरचा रस्ता विचारायचा, आणि त्याची बायको त्याला यावरून रोज टोचायची. "बैलसुद्धा न विचारता गोठ्यात येतो," ती म्हणायची, "तुम्हालाच सांगायला एक बाई लागते." बाई म्हणजे टॅबमधली बाई. शांत, किंचित शहाणी, कधी न चिडणारी. तिचं शेवटचं वाक्य कुलूपवाल्याला फार आवडायचं. "तुम्ही घरी पोहोचला आहात," असं ती म्हणाली की दिवस खरोखर संपल्यासारखा वाटायचा. दिवसभर परक्या दारांपुढे वाकून उभं राहणाऱ्या माणसाला एवढं ऐकायची हौस असली, तर बिघडलं कुठे.

टॅब लहानसाच होता, शाळेच्या वहीएवढा. मेहुण्याने आणून दिला होता. मेहुणा फोनच्या दुकानात कामाला होता, आणि जगातली कुठलीही अडचण बंद करून पुन्हा चालू केलं की सुटते, असं त्याचं ठाम मत होतं. दिवसा टॅब व्हॅनच्या काचेपाशी रबरी पकडीत बसायचा. कोण कुठल्या गल्लीत स्वतःच्याच दाराबाहेर अडकलंय ते त्याच्यावर कळायचं, आणि तिथवर जायचा रस्ताही. संध्याकाळी तोच टॅब स्वयंपाकघरातल्या फळीवर साखरेच्या डब्याला टेकून उभा राहायचा. मग बायको त्याच्यावर दूध संपल्याची, वीजबिलाची आठवण लावून ठेवायची, मेहुण्याशी तोंड बघत गप्पा मारायची, आणि पाच वर्षांची टिल्ली जेवताना कार्टून बघायची. टिल्लीला तिच्या खऱ्या नावाने फक्त शाळेत हाक मारत.

कुलूपवाला निघताना घरी फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा. "आलोच." घरी आला की आधी टॉवेलला हात पुसायचा आणि मग धुवायला जायचा. हे उलटं आहे हे बायकोने त्याला लग्नापासून सांगून पाहिलं होतं. वंगण आणि पितळेची भुकटी त्याच्या नखांत कायमची मुरली होती, आणि घरातल्या प्रत्येक टॉवेलवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा होता.

त्या संध्याकाळी एका शाळेच्या कपाटाचं कुलूप उघडून तो व्हॅनमध्ये बसला, घरी "आलोच" म्हणाला आणि टॅबवर "घर" दाबलं.

"उजवीकडे वळा," बाई म्हणाली.

घर डावीकडे होतं.

२

रस्ता खणला असेल, पुढे गर्दी असेल, असं म्हणून तो डावीकडेच वळला. बाई म्हणाली, "शक्य होईल तिथून मागे फिरा." पुढच्या चौकात पुन्हा तेच. आपल्या इमारतीखाली त्याने गाडी लावली तेव्हा ती नेहमीचं वाक्य बोललीच नाही. "तुम्ही घरापासून दूर आहात," म्हणाली. समोर त्याच्याच स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली होती, आणि फोडणीचा वास खाली येत होता.

बायको हे ऐकून हसत सुटली. मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, तुम्ही कुठेतरी भलत्याच ठिकाणी 'हो' दाबलंय," मेहुणा म्हणाला. "एखाद्या जागी थांबलात की तो कधीकधी स्वतःहून विचारतो, हे तुमचं घर आहे का म्हणून. तिथे 'हो' म्हटलं की झालं. त्याला काय कळतंय, तुम्ही म्हणाल ते घर."

तेव्हा कुलूपवाल्याला सगळं आठवलं, आणि आठवल्यावर हायसं वाटलं.

त्याला हे काम एका म्हाताऱ्या उस्तादाने शिकवलं होतं. उस्ताद आता नव्हता, पण त्याचे नियम कुलूपवाल्याने डोळ्यांत तेल घालून पाळले होते. मालक शेजारी उभा असल्याशिवाय हत्यार काढायचं नाही. मालक शेजारी असला तरी आधी बेल वाजवायची आणि तीनदा हाक मारायची, घरात कोणी आहे का. आतून उत्तर आलं, तर हत्यारं पिशवीत घालून चालू पडायचं, मग शेजारचा माणूस किती का गयावया करेना. आणि दार उघडलं तरी उंबरा ओलांडायचा नाही. "किल्ली कुणाच्याही खिशात असू शकते," उस्ताद म्हणायचा. "आतून जो उत्तर देतो, त्याचं घर."

उस्तादाच्या काळात एवढं पुरत असे. आता मेहुण्याने टॅबवर एक पान करून दिलं होतं. काम झालं की कुलूपवाला टॅब गिऱ्हाइकापुढे धरायचा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न असायचा, हे तुमचं घर आहे का. गिऱ्हाइकाने आपल्या बोटाने 'हो' दाबायचं, की कुलूपवाला मोकळा.

गेल्या आठवड्यात एका लांबच्या गल्लीत, टोकाच्या दुमजली घरापाशी एक बाई उभी होती. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या. त्याने बेल वाजवली, तीनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि दार उघडून दिलं. टॅब पुढे केला. पडद्यावर प्रश्न होताच.

"माझे हात अडकलेत हो," बाई म्हणाली. "तुम्हीच दाबा."

घाई होती. टिल्लीला शाळेतून आणायचं होतं. त्याने दाबलं. 'हो'.

म्हणजे तो प्रश्न मेहुण्याच्या पानावरचा नव्हताच. टॅबने आपणहून त्यालाच विचारलं होतं, आणि त्याने परक्या दारात उभं राहून कबूल केलं होतं. एवढीच गंमत. बायकोने कपाळाला हात लावला. मेहुण्याने फोनवरून सांगत सांगत "घर" पुसायला लावलं आणि खरा पत्ता घालून दिला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर कुलूपवाल्याला त्या बाईचा चेहरा आठवेना. पिशव्या आठवल्या, पिशवीचे बंद बोटांत रुतून पडलेले पांढरे वळ आठवले. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. रोज दहा गिऱ्हाइकं भेटतात, कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवणार, असं म्हणून त्याने कूस बदलली.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅबमधली बाई पुन्हा म्हणाली, "उजवीकडे वळा."

त्याने टॅब बंद करून पुन्हा चालू केला. पत्ता पुन्हा घातला. घरी पोहोचेपर्यंत तो पुसला गेला होता. या यंत्रांचं असंच असतं, तो स्वतःला सांगत राहिला. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं.

टॅब फळीवर साखरेच्या डब्याला टेकला होता. बायको कांदा चिरत होती. टॅबवर बारीक घंटी वाजली आणि बाई बोलली.

"वरच्या खोलीची खिडकी लावून घ्या."

दोघांनी वर पाहिलं. वर छत होतं, आणि छताच्या वर एका सुताराचं बिऱ्हाड.

"ही आठवण कोणी लावली?" बायकोने विचारलं.

"तूच लावली असशील."

"आपल्याला वरची खोली कुठंय? सुताराची खिडकी लावायला मी कशाला जाऊ?" मग तिला हसू आलं. "तुमच्या त्या दुसऱ्या घराला वरची खोली आहे वाटतं. मजा आहे तिची. मला इथे फडकी वाळत घालायला जागा नाही."

कुलूपवालाही हसला. त्या घराला वरची खोली होती. दुमजली होतं ते. पण हे बायकोला त्याने सांगितलेलं नव्हतं, आणि का कोण जाणे, आत्ताही सांगावंसं वाटलं नाही.

जेवणं चालू असताना घंटी पुन्हा वाजली.

"दाराला साखळी लावू नका. ते यायचे आहेत."

या खेपेला कोणी हसलं नाही. टिल्लीने तोंडात घास तसाच धरून विचारलं, "कोण यायचंय?" बायकोने उठून टॅब पालथा घातला आणि दाराला साखळी लावली. साखळी कुलूपवाल्याने स्वतः बसवली होती, जाड, पोलादी, इमारतीत कुणाकडे नसेल अशी.

टिल्ली झोपल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली, "मला सरळ सांगा. कोण आहे ती?"

"गिऱ्हाईक आहे. एकदा दार उघडून दिलंय तिचं. शपथ."

"मग ती कोणाची वाट बघतेय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं झाली, अबोले झाले, पण बायकोने त्याच्याकडे अशा नजरेने कधी पाहिलं नव्हतं. परक्या माणसाला दारात उभं करून निरखावं, तशी ती पाहत होती.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बायको खाली वाण्याकडे गेली होती. टिल्ली जमिनीवर मांडी घालून टॅबवर कार्टून बघत होती, आणि कुलूपवाला बाथरूममध्ये दाढी करत होता. दार उघडंच होतं. टॅब वाजल्याचं त्याने ऐकलं. टिल्लीला तोंड दिसणारा फोन उचलायला येतो, मामाचा असला की ती स्वतःच उचलते. ती काहीतरी बोलली, हसली, "बरं" म्हणाली.

"मामा काय म्हणतोय गं?" त्याने आतूनच विचारलं.

"मामा नाही. बाबाचा फोन होता."

"कुणाच्या बाबाचा?"

"माझ्या."

त्याचा वस्तरा गालावर थांबला. तो तसाच, अर्ध्या तोंडाला फेस लावून बाहेर आला. टिल्लीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. काहीतरी हिशेब जुळत नसावा तशी.

"बाबा म्हणाला, आलोच."

"कसा दिसत होता?"

"तुझ्यासारखा. खिशाला भोक असलेला तुझा शर्ट होता ना, तोच घातला होता." तिने थोडा विचार केला. "पण हात धुतलेले होते. त्याने मला दाखवले हात. असे."

तिने आपले दोन्ही पंजे पडद्यापुढे पसरून दाखवले.

खिशाला भोक असलेला शर्ट कुलूपवाल्याच्या अंगात होता. त्याने खिशाला हात लावून पाहिलं. मग टॅब उचलला. शेवटचा फोन कुणाचा, तर नावाच्या जागी एकच शब्द. घर.

मूल आहे, स्वप्नातलं आणि खरं एकत्र करतं, त्याने स्वतःला बजावलं. मेहुण्याने थट्टा केली असेल. हल्ली यंत्रात कुणाचंही तोंड कुणालाही चिकटवतात म्हणे. त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा दुकानात होता, त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग होती, आणि टिल्लीला त्याने फोन केलेला नव्हता.

"दाजी, तुमचा आवाज असा का येतोय?" मेहुणा म्हणाला. "एक करा. त्या जागी प्रत्यक्ष जा. दारात उभे राहा. तो पुन्हा विचारेल, हे तुमचं घर आहे का. या वेळी 'नाही' दाबा. बसल्या जागी पुसलं तर कधीकधी जात नाही ते."

बुडत्याला काडीचा आधार. बायको वर आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, टिल्लीच्या फोनचं तेवढं सोडून. "आत्ता जातो आणि निकाल लावून येतो. तोवर साखळी लावून बस." तो बूट घालत असताना तिने आतून डबा आणून त्याच्या हातात दिला. भांडणातसुद्धा तिने त्याला कधी उपाशी जाऊ दिलं नव्हतं, आणि त्या डब्याने त्याला एकदम भरून आलं.

५

या खेपेला बाई म्हणेल तसा तो वळत गेला. दुपारचं लख्ख ऊन होतं. गल्ली साधी होती. एका अंगणात कोणी सायकल धूत होतं, कुठेतरी रेडिओ चालू होता. टोकाचं घर तसंच, दुमजली. वरच्या खोलीची एक खिडकी उघडी होती आणि वाऱ्याने आपटत होती.

टॅब हातात घेऊन तो दारापुढे उभा राहिला. प्रश्न येईना. त्याने टॅब दाराजवळ नेला, लांब नेला, बंद करून चालू केला. पडद्यावर फक्त निळा ठिपका होता, हललासुद्धा नाही. एकदा 'हो' म्हणालेल्या माणसाला कोण परत विचारतो.

मग ती पिशव्यांवाली बाईच सांगू दे, असं म्हणून त्याने बेल वाजवली. बेलचं बटण सैल होतं, चिकटपट्टी लावून बसवलेलं. त्याच्या घरच्या बेललाही तशीच पट्टी होती, त्यानेच लावलेली, कुलूपवाल्याच्या घरची बेल मोडकी म्हणून बायको ज्यावरून लाजायची ती. पट्ट्या कुणीही लावतं, तो मनाशी म्हणाला.

"घरात कोणी आहे का?" त्याने हाक मारली. तीनदा मारली. उत्तर आलं नाही.

मग त्याची नजर कुलपावर गेली.

गेल्या आठवड्यात त्याने उघडलं होतं ते कुलूप जुनं होतं, झिजलेलं. आता नवं होतं. पितळी तोंड, आणि खाली डाव्या बाजूला कानशीचा एक तिरका ओरखडा. तो ओरखडा कसा पडला होता हे त्याला माहीत होतं. कुलूप बसवताना टिल्ली पाठीवर चढली होती, आणि कानस निसटली होती. पण ते कुलूप त्याच्या स्वतःच्या दाराला होतं. आजही, निघताना, त्याच्या दाराला होतं.

त्याचा हात आपोआप खिशात गेला. रोजची सवय. त्याच्या घराच्या किल्ल्या जगात दोनच, दोन्ही त्याने स्वतः घासलेल्या. एक त्याच्याकडे, एक बायकोकडे. हे करू नये, हे करू नये, असं डोकं ओरडत होतं आणि बोटं किल्ली फिरवत होती. किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली.

दार उघडलं. पुढची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, बाजूला वर जाणारा जिना. खोली रिकामी नव्हती, पण कोणी राहत असल्यासारखीही नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, कुणाची तरी वाट बघत ठेवलेलं. स्वयंपाकघरात एक फळी दिसत होती. फळीवर साखरेचा डबा, आणि त्याच्यापुढे रिकामी जागा, शाळेच्या वहीएवढी. आतून पाणी ठिबकत होतं. नीट दिसावं म्हणून तो पुढे झुकला.

मोरीच्या कठड्यावर साबण होता. ओला. साबणावर काळपट फेस होता, आणि त्या फेसातले बुडबुडे अजून एकेक करून फुटत होते. शेजारी टॉवेल, आणि टॉवेलवर काळ्या अंगठ्याचा ताजा ठसा.

कुणीतरी आत्ताच इथे हात धुतले होते. घासून, मन लावून, नखांतलंसुद्धा काढून. आणि बाहेर पडलं होतं.

"तुम्ही घरी पोहोचला आहात," हातातली बाई म्हणाली.

कुलूपवाल्याने खाली पाहिलं. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

६

तो व्हॅनपर्यंत कसा आला ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. त्याने टॅब बाजूच्या सीटवर फेकला आणि घरी फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला.

बायकोने लगेच उचलला. तिच्या आवाजात हसू होतं. काल रात्रीपासून पहिल्यांदा.

"आता आतल्या खोलीतून फोन करताय होय? हा कुठला नवा खेळ?"

"साखळी लावलीयेस ना?"

"तुम्हीच तर लावलीत आत आल्यावर. अहो, पण काय आज नवल. हात धुऊन आलात. मी म्हटलं आज सूर्य कुठे उगवला."

तिच्या मागे टिल्ली खिदळत होती. पाठीवर घोडा-घोडा करताना खिदळते तशी. आणि तिच्याबरोबर एक पुरुष हसत होता. आपलं हसणं आपल्याला कधी बाहेरून ऐकायला मिळत नाही. म्हणून ते ओळखायला कुलूपवाल्याला एक क्षण जास्त लागला.

"ऐक," तो कसाबसा म्हणाला. "तो मी नाही. टिल्लीला उचल आणि सुताराकडे वर जा. आत्ता."

हसणं थांबलं होतं. घोड्याच्या टापाही थांबल्या.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली. तिचा आवाज पार बदलला होता.

"अगं, मी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं ऐकू आलं. मग पुरुषाचा आवाज, शांत, त्याच्याशी नव्हे, तिच्याशी बोलणारा. "राँग नंबर असेल. दे इकडे." आणि फोन बंद झाला.

७

आपल्या इमारतीचे जिने तो दोन-दोन पायऱ्या घेत चढला. हत्यारांची पिशवी खांद्यावर आपटत होती. दारात पायपुसणं होतं, टिल्लीचे छोटे बूट होते. त्यांच्या शेजारी त्याच्या बुटांचा जोड होता, नीट जुळवून ठेवलेला. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. बूट त्याच्या पायांत होते.

किल्ली कुलपात गेली, पण फिरली नाही. त्याने स्वतः घासलेली, मघाशी परक्या दारात लोण्यासारखी फिरलेली किल्ली. कुलपावर ओरखडा नव्हता. तोंड जुनं होतं, झिजलेलं.

त्याने बेल दाबली. आणि मग सवयीने, जन्मभराच्या सवयीने, त्याच्या तोंडून तेच आलं.

"घरात कोणी आहे का?"

उत्तर नाही. आत टिल्ली कुजबुजली.

"घरात कोणी आहे का?"

पावलं दाराकडे आली. तिसऱ्यांदा हाक मारायला त्याला धीर होत नव्हता. त्याला माहीत होतं की ही हाक आपण मारू नये. पण गप्प बसलो तर दार कायमचं बंदच राहील, हेही माहीत होतं.

"घरात कोणी आहे का?"

"आहे की," आतून आवाज आला. त्याचाच. "आपण कोण?"

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत चेहरा दिसला नाही, मागून उजेड होता. साखळीवर ठेवलेला हात तेवढा दिसला. अंगठ्याच्या मुळाशी कानशीने कापल्याची जुनी खूण, करंगळी थोडी वाकडी. त्याचाच हात. फक्त स्वच्छ. नखं पांढरी, कडा गुलाबी, बायकोने इतकी वर्षं मागितले होते तसे हात.

"कोण आहे हो?" आतून बायकोने विचारलं.

"कोणीतरी दार चुकलंय."

त्या हाताच्या खालून टिल्लीचं डोकं पुढे आलं. तिने कुलूपवाल्याचे पाय पाहिले, पिशवी पाहिली, काळे हात पाहिले आणि मग तोंडाकडे पाहिलं. तो खाली वाकला. "टिल्ली," तो म्हणाला, "टिल्ली, मी आहे बाळा."

ती मागे सरकली. पण घरी शिकवलेलं वळण विसरली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "हे आमचं घर आहे."

दार लागलं. आतून कडी सरली. ती कडी त्यानेच गेल्या महिन्यात तेल घालून सैल केली होती.

गावातलं कुठलंही कुलूप त्याला फार वेळ अडवू शकत नसे, आणि हे तर जुनं होतं, झिजलेलं. त्याने पिशवी उघडली. आतून उत्तर आलं होतं, तरी त्याने हत्यार काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. बारीक पोलादी आकडा कुलपात घातला, आणि आतली पहिली खिट्टी उचलली. ती 'टक' झाली, आणि दारापलीकडे टिल्ली रडायला लागली.

ती भीतीने रडत होती. अंधाराला घाबरून रडते तशी, श्वास अडकत. हे रडणं त्याला ओळखीचं होतं. ते ऐकलं की तो झोपेतून उठून धावायचा. आता ती त्याच्यामुळे रडत होती, त्याच्या हातातल्या आकड्याच्या आवाजामुळे. त्याने दुसरी खिट्टी उचलली. रडणं वाढलं. बायको मोठ्याने कुणालातरी हाका मारू लागली, सुताराला असावी.

"घाबरू नको," आतला आवाज टिल्लीला म्हणाला, अगदी जवळून, दाराच्या लाकडाला लागूनच. "कोणी येत नाही आत. आपलं कुलूप पक्कं आहे. बाबाने बसवलंय ना."

रडणं हळूहळू थांबलं.

कुलूपवाल्याने आकडा बाहेर काढला. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला. त्याने हत्यारं पिशवीत घातली आणि तो जिना उतरला.

८

व्हॅनमध्ये तो बराच वेळ बसून होता. बायकोने दिलेला डबा सीटवर तसाच होता. त्याने झाकणाला हात लावला. अजून कोमट होतं. निदान हा डबा तरी आपल्याला दिलेला होता, दारात उभं राहून, ओळखून दिलेला होता, एवढंच तो पुन्हा पुन्हा मनात घोकत होता. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड लागला आणि एका स्वच्छ हाताने पडदा ओढून घेतला.

बाजूच्या सीटवर टॅब वाजायला लागला. पडद्यावर एकच शब्द होता. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला. शेवटी त्याच्या काळ्या बोटाने तो उचलला.

पडद्यावर तोंड दिसत नव्हतं. पायऱ्या दिसत होत्या, बंद दार दिसत होतं, आणि कडेला दोन भरलेल्या पिशव्या. वरून कुठूनतरी खिडकी आपटत होती.

"अहो," बाईचा आवाज आला, जरासा दमलेला, घरच्या माणसाशी बोलतात तसा. "निघालात का? मी केव्हाची दारात उभी आहे. दोन्ही हात अडकलेत. येऊन उघडा ना."

नाही म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं तेसुद्धा नाही म्हणायलाच. पण दिवस संपताना, गाडीत बसल्यावर, घरून विचारलं की त्याच्या तोंडून एकच शब्द यायचा, आणि तोच आला.

"आलोच."